उलटं-म्हणा बाई

ती कुणालाही "बरोबर" म्हणायची नाही. तुम्ही बरोबर सांगा नाहीतर चूक सांगा, तिचं तोंड एकसारखं. गळ्यात वेळ मोजायचं घड्याळ, मांडीवर फळी, फळीवर कागद, हातात शिसपेन्सिल. आमच्या गडमुडशिंगीत तिला सगळे उलटं-म्हणा बाई म्हणायचे. कारण ती म्हाताऱ्या माणसांना शब्द सांगायची आणि म्हणायची, "आता उलटं म्हणा." ती म्हणाली दार, पाणी, की आपण म्हणायचं पाणी, दार. मग तीन शब्द, मग चार. पोरांचा खेळच तो, पण ती त्याला परीक्षा म्हणायची.

पेठ वडगावची पोर. कोल्हापुरात तिचं मोठं शिक्षण चाललं होतं. ऐकलेलं डोक्यात धरायचं आणि धरल्या धरल्या फिरवायचं, हे माणसाला कुठवर जमतं ते त्या परीक्षेत बघतात. परीक्षा मूळची परदेशातल्या शिकलेल्या म्हाताऱ्यांसाठी केलेली. ती आमच्यासारख्यांना लागू पडावी म्हणून बाई तिला मराठीत बसवत होती. आकडे म्हटलं की न शिकलेल्या बायका घाबरतात, म्हणून तिनं रोजच्या वापरातले आठ शब्द घेतले होते. दार, दगड, फूल, पाणी, दोरी, चूल, मीठ, पान. सगळ्या ओळी ह्याच आठांतून.

मी चौथी शिकलेला माणूस. पहिल्याच दिवशी तिला विचारलं, "पोरी, ह्यात आमचा काय फायदा?"

"आजोबा, तुमचा आत्ता काही नाही. माझा आहे."

खरं बोलली म्हणून ओसरीवर बसू दिलं. "चहा घे," म्हटलं तर म्हणाली, "आधी परीक्षा, मग चहा." हे तिचं कायमचं. चहा घेतला की माणसं ओळखीची होतात आणि मग ओळखीच्या माणसाला हळूच शब्द सुचवावासा वाटतो, असं तिचं म्हणणं.

मी परीक्षा दिली नाही. मला गोठ्यात काम होतं. आमची घरधनीण बसली. बाईनं नाव विचारलं, ती म्हणाली, "फुला." वय, शाळा विचारली. शाळा नव्हतीच. नवऱ्याच्या नावाचा रकाना काही त्या कागदात नव्हता.

ओळीत फूल हा शब्द आला तेव्हा आमची हसली. "ह्ये तर माझंच नाव की गं!" बाई हसली नाही. लागोपाठ दोन ओळी चुकल्या की परीक्षा थांबवायची, असा तिचा नियम. आमचीची परीक्षा दोन शब्दांवरच थांबली.

आमचा थोरला पोरगा संभा दारात उभा होता. त्यानं खोदून खोदून विचारलं. बाई म्हणाली, "कमी आलंय. पण मी तीन आठवड्यांनी परत येणार आहे, तोवर काही ठरवू नका." संभानं त्याच दिवशी ठरवलं. आईनं गॅस पेटवायचा नाही, गोठ्यात एकटीनं जायचं नाही. सूनबाईनं लायटर कपाटावर ठेवला. चौदाव्या वर्षी आमच्या घरात येऊन चूल हातात घेतलेली बाई, ती ओसरीवर पावण्यासारखी बसायला लागली. मला म्हणाली, "मी काय येडी झालीया व्हय? कुठली म्हस कवा गाभण ऱ्हायली ते इचारा की मला." मी विचारलं नाही. मलाही मनातून भीती बसली होती, हे खरं लिहितो.

तीन आठवड्यांनी बाई आली. तीच माणसं, तेच शब्द. माणूस तोच असला तर उत्तरही तेवढंच यायला पाहिजे, नाहीतर परीक्षा खोटी, असं ती सांगायची. आमची परत तिथंच थांबली. पण ह्या वेळी बाईनं कागद पिशवीत घातला नाही. जुना आणि नवा शेजारी शेजारी ठेवून बघत बसली. चहा निवला.

"विसरणारं माणूस आज एक विसरतं, उद्या दुसरं," ती म्हणाली. "आजींचं दोन्ही वेळा एकाच शब्दाला अडलंय. चूक झाली की आधी कागदाला विचारायचं, मग माणसाला."

ती उठली आणि पाण्याच्या पिंपाच्या झाकणावरचा दगड घेऊन आली. "आजी, ह्याला काय म्हणता?"

"धोंडा."

"अजून काय म्हणतात?"

आमचीनं पदर तोंडाला लावला. "धोंडाच म्हंत्यात. तू लिव की धोंडा."

मी गोठ्यातून ऐकत होतो. तिथनंच ओरडलो, "अगं ए बाई, माझं नाव दगडू हाय!"

माझ्या आधीची दोन भावंडं गेली होती. मरणाचं लक्ष जाऊ नये म्हणून आईनं मला दगडू नाव ठेवलं. आणि आमचीनं लग्नापासून ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. नावासारखा शब्दसुद्धा नाही. दगडी कोळशाला ती काळा कोळसा म्हणायची.

बाईनं दगडाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, कागदाकडं बघितलं. मग अशी हसली की मांडीवरची फळी खाली पडली. दगडाच्या जागी म्हटलेला धोंडा सोडला तर सगळ्या ओळी उलट्या अगदी जागच्या जागी होत्या. दगड काढून तिनं ताट हा शब्द घातला. काही दिवसांनी नव्या ओळी घेऊन आली, तेव्हा आमची पाच शब्दांपर्यंत गेली. संभा कामावरून आल्यावर बाई त्याच्यापुढं उभी राहिली. "चूक तुमच्या आईची नव्हती. माझ्या कागदाची होती." लायटर स्वतः कपाटावरून काढून तिनं आमचीच्या हातात दिला.

तेव्हापासून ती एकेका शब्दाकडं संशयानं बघायची. एकदा तिनं विचारलं, "म्हैस, शेळी, कोंबडी. लहानापासून मोठ्यापर्यंत लावा." आमची म्हणाली, "म्हस, कोंबडी, शेळी." बाईनं पेन्सिल थांबवली. "आजी, म्हैस लहान कशी?"

"ही म्हस औंदाच आणलीया न्हवं? शेळी थोरली. तिच्या आधीचं गोठ्यात मीच एकटी!"

दुसऱ्या खेपेला कागदावर "अंगानं मोठं" असं आलं. दरवर्षी ती यायची, आमचीची परीक्षा घ्यायची. आमची तिची वाट बघायची.

चौथ्या वर्षी मी सकाळी धार काढत होतो. दारातनं हाक आली. "दगडू! ए दगडू, माझी आई कुठं गेली रं?"

मी बादली बाजूला ठेवली. बाईला फोन लावला. म्हटलं, "बाई, तिनं माझं नाव घेतलं." "आजोबा, मी येते," ती म्हणाली.

दुपारच्या एसटीनं आली. फळी नाही, घड्याळ नाही. आमचीनं तिला ओळखलं नाही. मी विचारलं, "कागदाची चूक असंल का गं?" तिनं मान हलवली. "नाही, आजोबा. ह्या वेळी नाही." मग आमचीबरोबर शेंगा फोडत बसली, दिवस मावळेपर्यंत.

पुढं दीड वर्ष आमची मला नावानं हाक मारायची. शेजारच्या बायका तोंड फिरवायच्या. मी ओ द्यायचो. मग ती गेली.

बाईचं शिक्षण संपलं. लांबच्या गावात नोकरी लागली. जायच्या आधी भेटायला आली. म्हटलं, "माझी परीक्षा घे. मी कधी दिलीच न्हाय." तिनं पिशवीतून कागद काढला, पेन्सिलीनं कायतरी केलं, मग फळीवर लावला. मला एवढं वाचता येतं. ओळीतलं फूल तिनं खोडलं होतं.

"ह्ये का खोडलंस?"

ती कागदाकडंच बघत राहिली. "आजोबा, तुम्हीपण आजींचं नाव घेतलेलं मी कधी ऐकलं नाही."

खरं होतं. जन्मभर मी "ऐकलंस का"च म्हणत आलो.

"ऱ्हाऊ दे त्ये तिथंच. इचार तू."

तिनं घड्याळ दाबलं. "पाणी, फूल, दार."

"दार," मी म्हटलं. घड्याळ चालू होतं. ती बघत होती, पण तिनं काही सुचवलं नाही.

"फूल," मी म्हटलं. "पाणी."

"बरोबर," बाई म्हणाली.