फणसाचा जामीन

गौरा लग्न होऊन चौक नावाच्या गावाजवळच्या खेड्यात आली, तेव्हा परसातला फणस नुसता पाल्यानं माजला होता. दहा वर्षांत फळाचं नाव नाही. अशा झाडाला धाक घालायची आपल्याकडे रीत. एकानं कोयता उगारायचा, दुसऱ्यानं मध्ये पडून झाडाला जामीन राहायचं. बेचाळीस साली, पलटणीत जायच्या सकाळी, तिच्या नवऱ्यानं, नागूनं, खोडावर खांद्याइतक्या उंचीवर घाव घातला.

"फळत नाय. तोडू का गं?"

"नका तोडू. तुमी याल तवर फळंल. मी जामीन हाय."

नागू हसला, नि चौकाहून मोटार धरून गेला.

घावातून चीक भळभळला, सुकून घट्ट झाला, कडेनं नवी साल पुढं सरकू लागली. तो घाव म्हणजे नागूच्या हातची शेवटची खूण. तो मिटला तर माणूसही मिटेल, असं गौराच्या मनानं घेतलं. वेडीच म्हणा. दर अमावस्येला ती कुणाच्या नकळत विळ्यानं घाव खरवडून ताजा करायची. चव्वेचाळीसला ब्रह्मदेशाहून येणारी पत्रं थांबली, तशी ती रोजच खरवडू लागली.

पाला पिवळा पडला, खोडाला भुंगा लागला. सासऱ्यांनी, आबाजींनी, तिला विळ्यासकट गाठलं. पण रागावले नाहीत.

"झाडाला घाव कळतो, गौरे. लागतो खोडाला, नि खबर पार शेंड्यापोत जाते. मंग ते चीक धाडतं, आतनं कुडाची भिंत घालतं, किडीची वाट बंद करतं. तू रोज ती वाट उघडतीस. एकटं किती लढंल?"

गौरा तिथंच बसून पोटभर रडली. मग विळा तिनं आबाजींच्या हाती दिला.

दोन पावसाळ्यांत घाव मिटला. बोट फिरवलं तरच लागायचा. लढाई संपली, शेजारगावचे दोघं परत आले. नागूची खबर कुणालाच नव्हती. सत्तेचाळीसच्या माघात त्या वणाखालीच अंगठ्याएवढा पहिला फणस धरला. आबाजींनी नारळ फोडला, आळीत खोबरं वाटलं.

सगळे पांगल्यावर गौरा झाडापाशी आली. वणावर तळवा ठेवून नागूशीच बोलली.

"फळला बगा. मी जामीन राहिले, त्यानं माझा शब्द राखला. पन तुमी निगालात तवा तुमाला जामीन कोन, ते इचारायचं राहूनच गेलं."