पाहुणा रिंगणात येईना

मंडळी, अंगावरचा काटा अजून बसलेला नाही, म्हणून लिहितोय.

धुळ्यात आम्ही तिघं मारामारीचा गेम बनवतो. अशा गेममध्ये बाहेरचं एखादं पात्र पाहुणा म्हणून घेतात. लोकांनी त्याला बघताक्षणी ओळखावं आणि त्याची लढायची ढब वेगळी असावी, एवढंच बघतात. गाजलेल्या हिरोचे हक्क आम्हाला कुठून परवडणार? म्हणून साक्रीकडच्या आमच्या गावच्या जत्रेतलं मुखवट्याचं सोंग घेतलं.

आज दुपारी त्याला पहिल्यांदा खेळवलं. पठ्ठ्या रिंगणाबाहेर पाठ करून उभा! बटणं बडवली, कोड तपासला, चूक सापडेना.

गावात तो मुखवटा घालायचा मान ज्यांच्याकडे आहे, त्या नानांना फोन लावला. ते हसले नाहीत. "संबळ वाजाडं का? बलावाशिवाय सोंग मैदानमा येत नही."

नाना फोनवर असतानाच गंमत म्हणून दुसऱ्या मोबाईलवर संबळ लावला. तो वळला. नाचत आत आला, समोरच्या गड्याला ओलांडून थेट पडद्यापाशी, आणि आमच्याकडे बघत थांबला.

सोंग आल्याचं ओळखून फोनवर नाना म्हणाले, "उना ना? आते त्याले परत कोन धाडी?"

पाहुणा कोण घ्यायचा यावर आम्ही किती भांडलो होतो. तो जाणार कसा, हे कुणी विचारलंच नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत आहे का?