फिल्मवरची फुंकर

ऐंशीच्या दशकात विक्रोळीच्या एका कारखान्यात मी प्लॅस्टिकची एक पातळ फिल्म बनवायचे. साध्या प्लॅस्टिकमधून वीज जात नाही. माझ्या फिल्मच्या अंगात मात्र, मिठात असतात तसे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण होते, तेव्हा तिच्यातून वीज जायला हवी होती. मी मोजलं की जेमतेम जायची. माझा सहकारी मोजायचा तेव्हा तीच फिल्म झकास चालायची. शेवटी साहेबांनी सांगून टाकलं की एका फिल्मची दोन उत्तरं मला नकोत. शनिवारपर्यंत काय ते ठरवा, नाहीतर हे काम बंद आणि तुम्ही परत रंगखात्यात.

रंगखात्यात मला पुन्हा पाऊल टाकायचं नव्हतं. तिथे असताना मी निळ्या नखांनी जेवले होते. त्यात सहकाऱ्याचा राग वेगळाच. हा मला खूश करायला आकडे फुगवतो, असं मी धरूनच चालले होते.

शुक्रवारी मी त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसलेच. त्याने फिल्म चिमट्यात धरली, तिच्यावर दोनदा फुंकर मारली आणि मगच ती मोजायच्या यंत्रात अडकवली.

"हे काय केलंस?"

"धूळ उडवली."

फिल्मवर धुळीचा कण नव्हता. पण हा मुलुंडला दगडखाणीच्या पायथ्याशी वाढलेला. त्याच्या घरी पाट मांडायचा तर फुंकर, कप उचलायचा तर फुंकर, पुस्तक उघडायचं तरी फुंकर. मी मात्र फिल्म भट्टीत वाळवून, बरणीत झाकून, सोवळ्यातल्यासारखी जपत आणायचे.

"परत फुंक," मी म्हटलं.

मी चिडले असं त्याला वाटलं. तरी तो फुंकला, आणि काटा सरसर चढला. फिल्म सुकली तसा हळूहळू उतरला. श्वासातली वाफ फिल्म पीत होती, आणि पाणी मिळालं की अडकून बसलेले आयन मोकळे होऊन हलू लागत होते. मला इतका आनंद झाला की मी स्टुलावर बसल्या बसल्या हसत सुटले.

साहेबांचा विश्वास बसेना. ते स्वतः फुंकले. काटा चढला, तसे पुन्हा फुंकले. गाल लाल झाले तरी थांबेनात. दम लागल्यावर म्हणाले, "काम चालू ठेवा. पण यापुढे फिल्म ओली करून मोजा."

रंगखात्यात मी परत गेले नाही. मुलुंडला मात्र गेले, लग्न करून. खाण केव्हाच बंद झाली. नवरा अजून माझं ताट फुंकून मांडतो, आणि मी त्याला एकदाही टोकलेलं नाही.