उभं पाणी

"ही पोट्टी बोलते का कधी? का नुसती स्क्रीनच पाहून राहते?"

बडे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, साहेबांना हळूच विचारत होते. दोघंही रायपूरचे जुने मराठी. मी त्यांना कायम हिंदीत उत्तर द्यायचे, म्हणून मला मराठी येत नाही असा त्यांचा समज. मी तो मोडला नव्हता. गप्प राहायला बरं पडायचं.

नद्यांची मापं ठेवणाऱ्या त्या कार्यालयात मला चार महिने झाले होते. घाटाजवळच्या मोजपट्टीवर रोज सकाळी खारून नदीच्या पाण्याची उंची वाचली जायची. आकडा फोनवर यायचा. त्या उंचीला किती पाणी वाहतं, ते एका जुन्या तक्त्यात पाहून मी नोंदवायचे. त्या दिवशी या नोंदींच्या भरवशावर नव्या राजधानीतल्या एका वसाहतीला नदीचं पाणी देण्याच्या कागदावर सही व्हायची होती.

दोनच दिवसांपूर्वी कार्तिक पौर्णिमा झाली होती. इकडे तिला पुन्नी म्हणतात. पहाटे त्याच घाटावर आईने द्रोणात दिवा ठेवून पाण्यात सोडला. लहानपणी आपला दिवा कोणता हे ओळखेपर्यंत तो लांब गेलेला असायचा. हा पायरीशीच थांबला. आईने हाताने पाणी लोटलं. थोडा सरकला, परत आला. सगळ्यांचेच दिवे तिथे, एकमेकांना चिकटून.

"जात काहून नाही हा?" आई घाबरली. "माह्यं काही चुकलं का?"

ऑफिसात येऊन मी त्या सकाळची उंची पाहिली. भरपूर. तक्त्याप्रमाणे नदी वाहत होती. मग मी तक्त्यावरचं साल पाहिलं. घाटाच्या खालच्या अंगाला बांधलेला बंधारा त्यानंतरचा; तक्त्याला तो ठाऊकच नव्हता. पूर्वी हिवाळाभर बंधाऱ्यावरून पाणी पडत राहायचं, त्यात ही चूक खपून गेली. आता पाऊस चार-सहा दिवस धो धो कोसळतो, मग आठवडेच्या आठवडे नाही. दिवाळीनंतरही ऊन भाजतं. वरून येणारं पाणी कार्तिकातच थांबलं होतं. बंधाऱ्यामागे तुंबलेलं पाणी पट्टीला टेकून उभं होतं आणि मी रोज त्याला कागदावर वाहतं करत होते.

नसलेलं पाणी त्या वसाहतीतल्या घरांना कबूल होणार होतं. दोन दिवस मी सांगायचं वाक्य हिंदीत जुळवलं, इंग्रजीतही. दोन्हीकडे ते शहाणपण शिकवल्यासारखं वाटत होतं.

आता साहेबांनी पेनचं टोपण काढलं. "सगळं पाहिलं ना, बाबू?"

"हव साहेब. नदी भरून आहे यंदा."

मी उठले. खुर्ची करकरली आणि दोघांनी वळून पाहिलं.

"काका, साहेबांना सही नका करू देऊ," मी मराठीत म्हणाले. "पाणी आहे, पण ते वाहून नाही राहिलं. पुन्नीचे द्रोण अजून पायरीशीच आहेत, आज सकाळी पाहून आले. चला, दाखवते."