आगीवर गार होणारा फ्रीज आणि दक्षिणेकडचे पाय

इथे अमेरिकेत, नोव्हाय गावात मी गाड्यांच्या एसीचं डिझाइन करते. त्यामुळे भाड्याच्या आरव्हीतला, म्हणजे चाकांवरच्या घरातला, फ्रीज का थंड होत नाही, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. नवरा मात्र सकाळी कोमट दुधाचा कॅन हातात धरून भाड्याने देणाऱ्यांना फोन लावत होता.

"फ्रीजच खराब दिलाय यार!"

फ्रीजमध्ये सासूबाईंचं इन्शुलिन होतं. मुक्कामभराचा साठा त्यांनी पुण्याहून आणला होता, आणि मागे घरची लाइट गेली तर, म्हणून सगळाच सहलीला सोबत घेतला होता. बाई भेदरून गेल्या होत्या, आणि ते बघून मला जास्तच राग आला.

"फोन ठेव," मी म्हटलं. "फ्रीज ठणठणीत आहे. गाडी तिरकी आहे."

आदल्या संध्याकाळी ती सपाट जागेवर नीट लावलेली होती. पण तशी लावली की कॉटवर पाय दक्षिणेला येत होते. मेलेल्या माणसाला तसं निजवतात, मी झोपणार नाही, असं सासूबाई म्हणाल्या. उशी उलट बाजूला घ्यावी तर डोक्याशी टॉयलेट. मग आमच्या आईवेड्या नवरोबांनी गाडी आडवी फिरवून मागची चाकं गवताच्या उतारावर नेली.

सासूबाईंना मी बाहेर नेऊन फ्रीजची मागची जाळी दाखवली. ह्याला मोटर नसते. खाली गॅसची ज्योत जळते. तिच्या आचेने पाण्यात विरघळलेल्या अमोनियाची वाफ होऊन वर चढते आणि गार होऊन तिचा द्रव होतो. तो आत उतरतो, तिथल्या हायड्रोजनमध्ये पुन्हा उडून जातो आणि उडताना फ्रीजमधली उष्णता घेऊन जातो. घाम वाळताना अंग गार पडतं, तसंच. मग पाणी त्या अमोनियाला परत शोषून घेतं आणि ज्योतीकडे उतरतं. ढकलायला कोणी नाही, सगळं आपल्या वजनाने वाहतं. गाडी कलली की द्रव वाटेत साचतो आणि चक्र थांबतं.

"म्हणजे पाय पुन्हा दक्षिणेला," त्या हळूच म्हणाल्या.

"आई, औषध नासलं तर तसेच करावे लागतील."

नवरा माझ्याकडे बघतच राहिला. सासूबाई हसल्या. "जीभ बघा हिची! लाव रे गाडी सरळ."

कॅम्पच्या दुकानातून बर्फ आणला, टॉवेलात गुंडाळला आणि इन्शुलिनची पेनं त्यावर ठेवली. दुपारपर्यंत फ्रीज गार झाला, पेनं परत आत गेली.

जेवणानंतर त्या दक्षिणेला पाय करून आडव्या झाल्या. "डोळा लागला तर उठवशील ना गं?"

"उठवते."

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. तरी त्या घोरायला लागेपर्यंत मी त्यांच्या छातीकडे बघत बसले.