चांगुणाचं कुंकू

जानेवारीचा पहिला रविवार गेला आणि चांगुणा आली नाही. तेव्हापासून मंगलाबाईंच्या जिवाला जो घोर लागला, तो वर्गात फळ्यावर लिहितानाही सुटेना.

चांगुणाचा नेम ठरलेला होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी चांदवडहून सकाळच्या पहिल्या एस.टी.नं निघायचं, नाशकात द्वारकेच्या नाक्यावर उतरायचं आणि तिथून पायी वसतिगृहाच्या फाटकाशी. फडक्यात बाजरीच्या भाकरी आणि लसणाची चटणी. लेक हिरा पाचवीत, वसतिगृहात येऊन तिला सात महिने झाले होते, आणि तेवढ्या काळात हा नेम एकदाही चुकला नव्हता. त्या रविवारी पोरगी दुपारपर्यंत फाटकाचे गज धरून उभी राहिली.

"बाई, आई आजारी असंल का?"

"कांद्याची लागवड चालू असेल गं. येईल." मंगलाबाईंनी सांगितलं खरं, पण तिच्या डोळ्यांत बघून सांगणं काही त्यांना जमलं नाही.

मंगलाबाई गांगुर्डे नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. त्यांच्या वस्तीत बी.ए. झालेली पहिली बाई. एकुलता एक मुलगा नागसेन दोन वर्षांपूर्वी फौजेत गेला आणि बाईंची झोप उडाली. दारात तारवाल्याची सायकल वाजली की हातातलं भांडं सुटायचं. त्या भीतीपोटीच त्या जवान कुटुंब साहाय्यक मंडळात जाऊ लागल्या. दुसऱ्यांच्या घरी आलेलं संकट आपण निस्तरलं, तर आपल्या घरी ते येणार नाही, असा काहीतरी वेडा हिशेब त्यांच्या मनात होता. कुणाजवळ तो त्या बोलल्या नाहीत. मंडळात त्यांचं काम अर्ज लिहिण्याचं आणि रविवारी मंडळाच्या वसतिगृहावर फेरी मारण्याचं. चांगुणा भेटली ती तिथेच.

चांगुणाचं लग्न सत्तर सालचं. नवरा पुंजाराम फौजेत शिपाई. एकाहत्तरच्या लढाईत पश्चिमेच्या आघाडीवरून तार आली, तेव्हा चांगुणा सात महिन्यांची पोटुशी होती. तार इंग्रजीत. पोस्टमास्तरनं वाचली, डोकं खाजवलं आणि सांगितलं, "पुंजा हरवलाय."

हरवलाय. त्या एका शब्दावर चांगुणानं अकरा वर्षं काढली. मेलेलं माणूस परत येत नाही, हरवलेलं सापडतं. जत्रेत हरवलेली पोरं सापडतात, रानात चुकलेली गाय सापडते. पुढे कैदी सुटले, त्यांत पुंजाराम नव्हता. मग काही वर्षांनी पलटणीचा कागद आला, 'सदर जवान मृत झाल्याचे मानण्यात येते.' मंगलाबाईंनी तो कागद प्रथम वाचून दाखवला तेव्हा चांगुणा शांतपणे म्हणाली होती, "त्यांनी मानलं. मी नाय मानलं."

पेन्शन मात्र ती घेत होती. पोर जगवायची होती. पण कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि हातांत हिरवा चुडा. गावात कुणी काही म्हणत नव्हतं, कारण तिचा सासरा सावळीराम हाही रोज संध्याकाळी वेशीपर्यंत जाऊन शेवटची गाडी बघून यायचा.

म्हणायचं ते नाशकातल्या बायकांनी. गावची शाळा चौथीपर्यंत. पुढं हिराला घरी बसवायचं की मंडळाच्या वसतिगृहात घालायचं, एवढाच प्रश्न घेऊन चांगुणा आली होती. समितीच्या बैठकीत ती दाराशी उभी असतानाच एकजण म्हणाली, "पेन्शन विधवेची आणि कुंकू सवाष्णीचं! दोन्हीकडून चांगलं चाललंय की." सगळ्या हसल्या. चहाच्या कपांत तोंडं घालून हसल्या. अध्यक्षीणबाई इंदुमती, त्यांना सगळे ताईसाहेब म्हणत, त्या काही हसल्या नाहीत. त्यांनी प्रवेश दिला. "मुलीचं नुकसान नको व्हायला," म्हणाल्या. मंगलाबाईंना त्या दिवशी ताईसाहेब फार मोठ्या वाटल्या होत्या.

त्या मोठेपणाचा अर्थ डिसेंबरात कळला.

सोळा डिसेंबरला, विजयाच्या दिवशी, मंडळाचा वीरपत्नी सत्कार. मंडप, निळी कनात, पाहुण्यांसाठी सोफा. रंगपटात अकरा बायका बाकावर बसवलेल्या. त्यांना अत्तर लावायचं नाही, गजरा द्यायचा नाही, हे कार्यकर्त्या एकमेकींना मोठ्यानं बजावत होत्या, त्या बायकांच्या डोक्यावरून, जणू त्या ऐकूच शकत नाहीत. प्रत्येकीसाठी निळ्या काठाची पांढरी साडी. फोटोग्राफर आधीच येऊन शिकवून गेला, "साडी घेताना खाली बघायचं. थोडं रडल्यासारखं. हसायचं नाही कुणी."

ताईसाहेब आत आल्या आणि चांगुणापाशी थबकल्या.

"मंगलाबाई, हे काय? पाहुणे विचारतील, ही सवाष्ण इथं कशी? मंडळाची शोभा होईल." मग आवाज खाली आणून, "मुलगी आपल्याकडे आहे ना हिची? मग एवढं करायला काय होतं?"

चांगुणानं मंगलाबाईंकडे पाहिलं. एकदाच. मंगलाबाईंच्या घरात बुद्धाची तसबीर, कुंकवाचं त्यांना कधी कौतुक नव्हतं. त्या लावायच्या तीही सवयीची एक टिकली. त्यांना वाटलं, एवढासा ठिपका. तासाभराचा प्रश्न. पोरीचं शिक्षण मोठं की ठिपका? शिकलेल्या माणसाला जे सुचतं तेच त्यांना सुचलं. त्यांनी रुमालाचं टोक तांब्यात बुडवलं आणि आपल्या हातानं चांगुणाचं कपाळ पुसलं. कुंकू जुनं, कातडीत मुरलेलं. तीनदा घासावं लागलं. चांगुणा हलली नाही. फक्त हातातला चुडा तिनं पदराखाली घेतला.

स्टेजवर ती खाली बघत उभी राहिली. फोटोग्राफरला हवं होतं तसंच. नंतर पाहुणे कचोऱ्या खात असताना ती कुणाला न सांगता निघून गेली. मंगलाबाईंनी तो रुमाल घरी दोनदा धुतला. लाल डाग गेला नाही. त्यांना त्या रुमालाची किळस आली, मग हाताची.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी चांगुणा आली.

फाटकाशी मंगलाबाईंना आधी तिचे हात दिसले. मोकळे. मनगटावर काचेचे ओरखडे, अजून खपली धरलेले. हिरा आईला बिलगली, आईच्या कपाळाकडे बघून मागं सरली आणि भाकरीचं फडकं घेऊन आत पळाली.

"चांगुणा, हे काय गं?"

"पेपरात फोटू आला ना बाई. वाण्यानं चांदवडहून आणला, दहा-बारा रोजांनी. मी शेतात व्हते." ती फाटकाजवळच्या दगडावर बसली. "मामंजींनी माझं कपाळ बघितलं फोटूत. त्यांना वाटलं, नाशकाला खबर आली. सरकारनं मला बोलावून सांगितलं. त्याबिगर सून कपाळ पुसंल का?"

"तू सांगितलं नाहीस?"

"कधी सांगू? मी येईस्तोवर म्हाताऱ्यानं डोकं भादरलं व्हतं. आयाबाया दारात रडत व्हत्या. माझं कोण ऐकतंय? मला बसवली, पाटा घेतला, चुडा फोडला. दर्भाचा पुतळा केला बाई. मढं नाय म्हणून. त्याला पुंजाराम म्हणून हाक मारली आन् जाळला." ती थांबली. "दहावा पण झाला. मामंजी आता वेशीवर जात नायती."

मंगलाबाई तिच्या पुढ्यात खाली बसल्या. "मी गावात येऊन सांगते," त्या म्हणाल्या.

"तुमचं कोण ऐकंल? पेपरात आलंय ते खरं, तोंडानं सांगितलेलं खोटं." मग चांगुणानं मान वर केली. "तुमी पुसलं बाई. आता तुमीच लावा. जिथं पुसलं तिथंच."

"पेपरात?"

"तर कुठं?" आणि लगेच आवाज पडला. "पण हिरीला काढतील का वो?"

ते विचारायला मंगलाबाई लगेच निघाल्या. त्या तशाच ताईसाहेबांच्या बंगल्यावर गेल्या. व्हरांड्यात ताईसाहेब सत्काराची कात्रणं वहीत चिकटवत होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी डिंकाचं बोट फडक्याला पुसलं.

"अहो, आज ना उद्या हे व्हायचंच होतं. तिला कुणीतरी मोकळं करायलाच हवं होतं. एका परीनं आपण मदतच केली की."

"तिचा चुडा फोडला हो त्यांनी. आपल्या फोटोमुळे."

"गावंढळ लोक. त्याला मंडळ काय करणार?" ताईसाहेबांनी पुढचं कात्रण उचललं. "आणि पेपरात काही छापून आणायचा विचार असेल, तर आधी त्या मुलीचं सामान न्यायची व्यवस्था करा. शिवाय एक सांगते, राग मानू नका. तुमचाही मुलगा तिकडे आहे. देव न करो, पण उद्या वेळ आली तर तुमच्या मागं कोण उभं राहणार? मंडळच ना?"

मंगलाबाई पायऱ्या उतरल्या. कोपऱ्यापर्यंत त्या न थांबता चालत गेल्या. मंडळ मागं उभं राहणार. कसं, ते त्यांना आता अगदी स्वच्छ दिसत होतं. बाक, निळ्या काठाची साडी, खाली बघा, रडल्यासारखं. आणि कुणीतरी चांगली शिकलेली, समजूतदार बाई तांब्यात रुमाल बुडवून त्यांच्याकडे येतेय.

सोमवारी मधल्या सुट्टीत त्या हेडमास्तरांच्या खोलीत गेल्या. रात्रभर त्यांनी एकच गोष्ट मोजून पाहिली होती. घर दोन खोल्यांचं. नागसेनची खाट दोन वर्षं भिंतीला उभी. हिरा दहा वर्षांची, वसतिगृहातून काढलीच तर तिला तेवढी जागा पुरेल, आणि शाळा तर इथलीच.

"सर, एक फोन करायचाय."

"घरचा आहे का? नागसेन बरा आहे ना?" हेडमास्तर एकदम उठले.

"बरा आहे. पेपरच्या कचेरीत करायचाय. त्यांनी एका बाईचा फोटो छापलाय, त्याखाली वीरपत्नी म्हणून लिहिलंय. तिचं कपाळ मी पुसलं होतं, तिनं नव्हे. हे माझ्या नावानं छापा म्हणून सांगायचंय."

हेडमास्तर पुन्हा खुर्चीत बसले. मग त्यांनी टेबलावरचा फोन फिरवून बाईंच्या पुढ्यात सरकवला.