ज्याची त्याची जागा

माझ्या साडूंच्या घरी गेला आणि हादरल्याशिवाय बाहेर पडला, असा माणूस रायपुरात अजून जन्मायचा आहे. विमान दुरुस्तीतून निवृत्त झालेले हे गृहस्थ पुरानी बस्तीत राहतात, पण संसार हँगरच्या शिस्तीत चालवतात. स्वयंपाकघराच्या भिंतीवर झारा, सांडशी, लाटणं, प्रत्येकाची आकृती लाल रंगात काढलेली. विमानात पाना विसरला तर माणसं मरतात, म्हणून हत्यार आपल्या आकृतीवर परतल्याशिवाय काम बंद करायचं नाही, हा त्यांचा धर्म. मुलीच्या लग्नात वाढायचा एक डाव सापडेना, तर यांनी पंगत उठू दिली नाही. व्याही उष्ट्या हातानं ताटकळले. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

निवृत्तीनंतर त्यांनी यंत्रं दुरुस्त करायला शिकवायला माना कॅम्पमधल्या पोरी जमवल्या. निर्वासित बंगाली कुटुंबांची ही वस्ती विमानतळाजवळच. पोरींच्या डोक्यावरून रोज विमानं जायची, पण विमानाच्या पोटात काय असतं हे त्यांना कुणी दाखवलं नव्हतं. एका रविवारी मी साडूंकडे चहा घेऊन बाहेर आलो, तर माझी स्कूटर अंगणात चादरीवर सुटी सुटी पसरलेली! भोवती पोरी, हात काळे. मी 'अरे, अरे' करत धावलो.

"भेता काहून, भाऊ? पोट्ट्या शिकून राहिल्या," साडू म्हणाले.

स्कूटर जुळली, सुरूही झाली, पण एक पाना मिळेना म्हणून मला किल्ली देईनात. संध्याकाळी तो साडूंच्याच खिशात निघाला, आणि रागावले मात्र माझ्यावर.

त्या पोरींतली झुमा फार हुशार. नागपूरला विमान दुरुस्तीच्या शिक्षणासाठी तिची निवड झाली आणि तिच्या आजीनं दार अडवलं. आजी लहानपणी पूर्व बंगालमधून निघाली, तेव्हा मोठा भाऊ 'मागून येतो' म्हणाला होता. तो आलाच नाही. "जो जाता है, वो लौटता नहीं, भैया," एवढंच ती म्हणत राहिली. तिची समजूत घालायला साडूंसोबत मीही झुमाच्या घरी गेलो होतो. आता हे भांडणार, या धास्तीनं मी देवाचं नाव घेतलं. साडूंनी खिशातून लाल मार्कर काढला, झुमाला भिंतीशी उभं केलं आणि परक्याच्या घरात, पांढऱ्या भिंतीवर, डोक्यापासून पायापर्यंत तिची आकृती काढली! मी थिजलो. आजीचा पदर तोंडाशीच राहिला.

"दीदी, ये इसकी जगह है," साडू म्हणाले. "जब तक ये यहाँ वापस नहीं आती, अपना काम बंद नहीं."

आजी त्या आकृतीकडे बघत राहिली. मग आत जाऊन नातीसाठी मुरमुऱ्याचे लाडू बांधू लागली.

परवा आम्ही मानाला गेलो, तेव्हा दुर्गापूजेआधी आजी घराला चुना लावत होती. झुमाच्या आकृतीशी आल्यावर तिचा हात हळू झाला. लाल रेघेवर थेंबही उडू न देता तिनं कडेकडेनं कुंचला फिरवला. मी साडूंकडे पाहिलं. ते चष्मा काढून डोळे पुसत होते, आणि चष्म्याची डबी कुठल्या खिशात ठेवली ते काही केल्या त्यांना आठवत नव्हतं.